पैसा आला, मग पुढे काय? कोकणातल्या माणसांना एक प्रश्न

पूर्णगडकर

सगळ्यांना नमस्कार.

आमच्या पावस-पूर्णगड पट्ट्यात सध्या कुणाच्या ना कुणाच्या पडवीत जमिनीचा दलाल बसलेला असतो. रेवस-रेडी सागरी महामार्गाची चर्चा वाढली तशी कातळालाही किंमत आली. ज्या सड्यावर पावसाळ्यात गुरं चरायची आणि उन्हाळ्यात कुणी फिरकत नसे, त्याचा गुंठ्याचा भाव आता चहाच्या टपरीवर शाळकरी पोरंसुद्धा सांगतात. विकणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. मुलीचं शिक्षण, आईचं आजारपण, डोक्यावरचं कर्ज, प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आमच्या वाडीतल्या एका घराचं सांगतो. चार भाऊ, दोन मुंबईला, दोन गावाला. पिढ्यानपिढ्या एकच गणपती, मधल्या घरात. आपल्याकडे घराण्याचा गणपती एक असणं म्हणजे काय, हे इथे सांगायची गरज नाही. वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारे भाऊसुद्धा चतुर्थीला एका पंगतीत बसतात, गणपतीवर टांगलेल्या एकाच माटवीखाली आरतीला उभे राहतात. या घराने सड्यावरची जमीन विकली. व्यवहार सरळ झाला, पैसे चौघांच्या खात्यात सारखे पडले. मग रस्त्यालगतचा तुकडा कुणाच्या वाट्याचा होता यावरून सुरू झालं. वकील आले, नोटिसा आल्या. गेल्या चतुर्थीला त्या घरात दोन गणपती बसले, मध्ये भिंत. दोन्हीकडे आरास मोठी होती, दिव्यांच्या माळा होत्या, दोन्हीकडे पाच पक्वान्नं होती. आरतीला मात्र दोन्हीकडे माणसं कमी, कारण वाडीतल्या लोकांना कुठल्या दारातून आत जावं तेच कळेना.

त्या घरात पैशाची कमतरता राहिलेली नाही. पैसा कशासाठी, या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांच्यापैकी कुणाकडेच नाही. धाकटा मला म्हणाला, "दादा, आता काय करायचं तेच समजत नाही. आधी निदान कर्ज फेडायचं होतं."

मी पावसला नेमाने जातो. स्वामी स्वरूपानंद इथलेच, जन्म १९०३ चा. तरुणपणी स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले, १९३२ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात होते. पुढे मोठ्या दुखण्यातून उठले आणि त्यानंतर १९७४ पर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षं, पावसच्या देसायांच्या घरातल्या एका खोलीत राहिले. घर दुसऱ्याचं आणि नावावर काही नाही. तिथे बसून त्यांनी ज्ञानेश्वरी आजच्या मराठीत अभंगांतून आणली आणि येणाऱ्याला सोऽहम् साधना सांगितली, तीही थोड्या शब्दांत. ती खोली आजही पाहता येते. मी तिथे उभा राहतो तेव्हा मला वाटतं की या माणसाला कशाचीच उणीव नव्हती. आपल्याकडे चार खोल्या आणि गाडी येऊनही उणीव जात नाही, याचं कारण आपण ती चुकीच्या ठिकाणी भरायला बघतो.

माझं स्पष्ट मत आहे. पैसा मिळवावा, नीट मिळवावा, पण जगण्याला अर्थ देवाकडून येतो. ती जागा पैशाला दिली की माणूस आधी भावाला हरवतो आणि मग स्वतःला. तुमच्या गावात, तुमच्या घरात याचा काय अनुभव आहे? पोथीतलं लिहा, घरातलं लिहा, पण मनापासून लिहा.

देवगडची लेक

दादा, लेख पोचला. तरीही एक बोलायचंच आहे.

आमची हापूसची कलमं आहेत, फार नाहीत. यंदा पहिला मोहोर अवकाळीने काळा पडला, दुसऱ्यावर थ्रिप्सची कीड पडली. औषधांचा खर्च दुकानदाराच्या वहीत चढत गेला. वाशीच्या दलालाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली, त्यामुळे पेटीला तो देईल तो भाव. उरलेला माल कॅनिंगला किलोवर गेला. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गावात पेढे वाटले होते, पण कर्जाच्या हप्त्याला मानांकन चालत नाही. माझे बाबा रोज पहाटे कुणकेश्वराला हात जोडून बागेत जातात. त्यांची श्रद्धा मी बघते. आणि रात्री झोप लागत नाही म्हणून अंगणात येरझारा घालतात तेही बघते.

त्यामुळे "अर्थ पैशात नाही" हे वाक्य मला टोचतं. ज्यांच्या घरात तांदळाची कणगी भरलेली आहे त्यांनी ते म्हणावं. आमच्याकडे आत्ता पैशाचाच प्रश्न आहे, आणि तो देवासमोर मांडायला मला लाज वाटत नाही.

पूर्णगडकर

ताई, लाज वाटायचं कारणच नाही. मीही बागायतदार आहे. कल्टार, म्हणजे लवकर मोहोर आणणारं औषध, घालून झाड पळवायचं की नाही, यावरून आमच्या घरात आजही वाद होतात, त्यामुळे ही येरझार मला ठाऊक आहे. कर्ज फिटलंच पाहिजे. माझं म्हणणं कणगी भरल्यावरचं आहे. तिथून पुढे माणूस कुठे जातो?

खाडीपलीकडे

मी बाणकोट खाडीच्या काठचा. आमच्या गावात निम्म्या घरांचा पैसा आखातातला. विषय बघून राहवलं नाही, म्हणून लिहितो.

माझे अब्बा सत्तरच्या दशकाच्या शेवटी कुवेतला गेले. आधी गोदीत, मग एका कंपनीच्या भांडारात. वर्षातून एकदा यायचे. आले की सुटकेसमधून अत्तराचा वास, आम्हाला घड्याळं, अम्मीला कापड. गावात आमचं पहिल्या काही पक्क्या घरांपैकी एक. फरशी कुठली, पंखा कुठला, याची चर्चा गावभर. अब्बांचं सगळं लक्ष आणखी एक मजला चढवण्याकडे होतं. पत्रात नमाजेबद्दल एक ओळ आणि सिमेंटबद्दल दोन पानं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं. पुढचे कितीतरी आठवडे अब्बांची खबर नव्हती. मग बसने, ट्रकने वाळवंट पार करून ते जॉर्डनच्या अम्मानला पोचले. तिथल्या छावणीत पाण्यासाठी रांग, भाकरीसाठी रांग. एअर इंडियाच्या विमानांनी तिथून दीड लाखांहून जास्त भारतीयांना परत आणलं, त्यातल्या एकात अब्बा होते. घरी आले तेव्हा हातात एक पिशवी, पायात दुसऱ्याच्या चपला. बँकेतले दिनार तिथेच अडकले होते. भरपाई मिळाली, पण काही वर्षांनी.

पहिल्या रात्री ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजेला, मशिदीत गेले आणि त्यानंतर त्यांची फजर चुकल्याचं मला आठवत नाही. कुराणात तकासुर नावाची छोटी सूरा आहे. तिचा आशय असा, की जास्तीत जास्त जमवायच्या चढाओढीने तुम्हाला गुंतवून ठेवलं, ते थेट कबरीपर्यंत. अब्बा ती आम्हाला पाठ करायला लावायचे आणि म्हणायचे, "मी ही अम्मानच्या रांगेत शिकलो."

ते पुन्हा आखातात गेले. हे सांगणं जरुरीचं आहे, कारण संसार होता, बहिणींची लग्नं होती. पण दुसऱ्या खेपेचा माणूस वेगळा होता. तिसरा मजला कधीच चढला नाही. वर्ष पुरं झालं की बचतीचा हिशोब मांडून शेकडा अडीच जकात, म्हणजे गरिबांचा वाटा, ते आधी बाजूला काढायचे, आणि ती कुणाला द्यायची याचा विचार करायला जितका वेळ घालवायचे तितका स्वतःच्या खर्चाला घालवत नसत. गावातल्या दोन मुलांचं शिक्षण त्यातून झालं, त्यांना आजही माहीत नाही पैसे कुणाचे होते.

आता आमच्या गल्लीत मोठमोठे बंगले आहेत आणि बहुतेकांना कुलपं. मुलं दुबईला, दोहाला, लंडनला. संध्याकाळी म्हातारी माणसं बाहेरच्या कट्ट्यावर बसतात. देवगडच्या ताई, तुमच्या बाबांची झोप लवकर परत येवो, ही मनापासून दुआ. कर्जाची काळजी ही हाव नसते, एवढं मला अब्बांकडे बघून कळतं.

सह्याद्री_घाटमाथा

खाडीपलीकडे, फार आतून आलेला प्रतिसाद. दोनदा वाचला.

आगरातली

मी दापोलीच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे हे सगळं एका दुपारी कळलं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. आमचं आगर म्हणजे माड, पोफळी, मधेमधे जायफळ, मिरवेल, कडेला रायवळ आंबे. आजेसासऱ्यांनी लावलेल्या पोफळी होत्या त्यात. माड वाऱ्यात झुलतो, वाकतो. पोफळ काडकन मधूनच मोडते. आम्ही माजघरात बसून तो आवाज ऐकत होतो, एकामागून एक, फटाक्यांच्या माळेसारखा. मग कौलं उडायला लागली. देवघरावरची आधी गेली. सासूबाईंनी बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि टाक पदरात घेतले आणि त्या जात्याच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. बाकी कशालाही त्यांनी हात लावला नाही. कपाटात दागिने होते, पासबुकं होती. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "ते कुठं जातंय? आणि गेलं तर गेलं."

वारा थांबल्यावर बाहेर आलो तर आगरातून समुद्र दिसत होता. लग्न होऊन आल्यापासून घरातून समुद्र कधी दिसला नव्हता, मधे एवढी झाडं. पोफळ लावल्यावर हाताशी फळ यायला सहा-सात वर्षं जातात, म्हणजे एका दुपारी घराचं पुढच्या कितीतरी वर्षांचं उत्पन्न आडवं झालं होतं. वीज कितीतरी दिवस नव्हती. फोन बंद.

मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं. सकाळी गावातली पुरुषमाणसं कोयते, करवती घेऊन निघाली ती स्वतःच्या आगरात नाही गेली. आधी ग्रामदेवतेच्या देवळाची वाट मोकळी केली. मला तेव्हा राग आला होता, कारण आमच्या न्हाणीघरावर माड पडला होता. पण देवळाचा सभामंडप शाबूत होता आणि ज्यांच्या घरावर पत्रा राहिला नव्हता ती घरं त्या रात्रीपासून तिथे झोपली. कोरोनाचे दिवस, मुंबईहून आलेली माणसं, एकमेकांच्या जवळ जायची भीती, तरीही. प्रत्येक घरातून तांदूळ आले, कुणाकडे सुके बोंबील होते, कुणाकडे फणस. नैवेद्य दाखवून मग पंगत. ज्यांचं सगळ्यात जास्त गेलं होतं ते आमच्या गावातले सगळ्यात मोठे बागायतदार, ते वाढायला होते.

मी विज्ञानाची पदवीधर आहे, शाळेत शिकवते. वादळ देवाने पाठवलं किंवा देवाने अडवलं, असं मी म्हणणार नाही. मी एवढंच पाहिलं की ज्या घरांचा दिवस देवापासून सुरू होत होता, ती घरं दुसऱ्या दिवशीही सुरू झाली. सासऱ्यांनी पाचव्या दिवशी रोपांसाठी सुपाऱ्या निवडायला घेतल्या. वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्या पोफळींची सुपारी आपल्याला मिळणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चौलवाला

सगळ्यांचा आदर राखून विचारतो. देवात अर्थ शोधायचा म्हणतो, मग देवळांत सोनं कशाला? मुकुट, प्रभावळ, चांदीचा गाभारा. माणसाने हाव सोडायची आणि देवाच्या अंगावर ती चढवायची, हे मला पटत नाही. आमच्याच तालुक्यापासून फार दूर नसलेल्या दिवेआगरला काय झालं ते आठवा.

श्रीवर्धनचा

दिवेआगरचं मी जवळून पाहिलंय, म्हणून लिहितो.

नोव्हेंबर १९९७ मध्ये नारळ-सुपारीच्या बागेत खणताना तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. देऊळ उभं राहिलं, पुण्या-मुंबईहून गाड्या येऊ लागल्या. घरोघरी राहण्याची सोय, जेवणावळी, उकडीचे मोदक. गाव वर आलं, हे नाकारणार नाही. २४ मार्च २०१२ च्या पहाटेआधी दरोडेखोर आले. देवळाच्या दोन रखवालदारांचा जीव घेतला आणि मुखवटा नेला. सोनं वितळवलं गेलं. पुढे आरोपी सापडले, शिक्षा झाल्या, सोनं परत मिळालं आणि त्यातून घडवलेल्या मुखवट्याची नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा प्रतिष्ठापना झाली.

चोरीनंतर गर्दी ओसरली. सोनं बघायला येणारे यायचे थांबले. माझी आत्या मात्र पूर्वीसारखीच चतुर्थीला जात राहिली. मुखवटा नाही तर कशाला जातेस, असं कुणीतरी विचारलं, तर ती चिडली. "मी काय सराफाकडे जात होते?" म्हणाली.

त्याच गावात रूपनारायणाचं देऊळ आहे. शिलाहारांच्या काळातली काळ्या दगडाची मूर्ती, इतकी सुंदर की समोरून हलवत नाही. शेकडो वर्षं ती तिथे उभी आहे. चौलवाला, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: देवाला सोनं वाहणाऱ्याचा भाव खरा असू शकतो, पण देवाला सोन्याची गरज नाही, आणि त्या दोन रखवालदारांचा विचार केला की मला देवळात सोनं नकोच वाटतं. त्यांच्या घरातली चूल त्या रात्री विझली. देवाजवळ दगड आणि फूल असावं. सोनं गावाच्या दवाखान्याला द्यावं.

चौलवाला

पटलं. धन्यवाद.

कीर्तनरंग

रत्नागिरीत कीर्तनं करतो, त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

देवगडच्या ताईंचा आक्षेप मला या धाग्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर द्यायचं तर भरल्या पोटाचा साक्षीदार चालणार नाही. म्हणून तुकोबांना बोलवावं लागतं. तुकोबा वाण्याचे, घरात सावकारी, महाजनकी. १६३० च्या आसपास जो दुष्काळ पडला त्यात हे सगळं गेलं. त्यांनी स्वतःच अभंगात सांगून ठेवलंय की द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. म्हणजे उपाशी माणूस काय बघतो ते त्यांनी आपल्या उंबऱ्यात बघितलं होतं. या अवस्थेत त्यांनी काय केलं? गावातलं विठ्ठलाचं मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त केलं. मग येणं बाकी असलेल्या कर्जाच्या खतांचे, म्हणजे कर्जरोख्यांचे, धाकट्या भावाबरोबर दोन वाटे केले. भावाचा वाटा त्याला दिला, स्वतःच्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडली, अशी आख्यायिका आहे.

यातली भावाची गोष्ट मी कीर्तनात मुद्दाम थांबून सांगतो. तुकोबांनी वैराग्य भावावर लादलं नाही. त्याचा हक्क त्याला मोजून दिला. ज्या घरात दोन गणपती झाले, तिथे नेमकं हे राहून गेलं. आणि तुकोबांनी धन मिळवू नका असंही कुठे म्हटलेलं नाही. चांगल्या व्यवहाराने जोडा आणि मन न गुंतवता खर्च करा, असंच त्यांचं सांगणं. खतं बुडवताना त्यांनी आपलं येणं सोडलं, पण त्याच वेळी गावातल्या किती तरी कुळांचं देणं सुटलं. ताई, तुमच्या बाबांच्या वहीवर बसलेला दुकानदार किंवा दलाल हे कीर्तन ऐकायला यायला हवा.

आता दुसरी बाजू. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघतो तेव्हा मैत्रेयीला संपत्तीचा वाटा देऊ करतो. ती विचारते, धनाने भरलेली अख्खी पृथ्वी माझी झाली तर मी अमर होईन का? तो खरं उत्तर देतो. म्हणतो, नाही, साधनसंपन्न माणसं जगतात तसं तुझं जगणं होईल, पण धनाने अमृतत्वाची आशा नाही. यावर ती म्हणते, मग ते घेऊन मी काय करू? तुम्हाला जे ठाऊक आहे ते सांगा. मला यात आवडतो तो याज्ञवल्क्याचा प्रामाणिकपणा. धन निरुपयोगी आहे असं तो म्हणत नाही. त्याने काय मिळतं आणि काय मिळत नाही, दोन्ही सांगतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात उलट माणूस दिसतो: आज हे मिळवलं, उद्या तो मनोरथ पुरा करीन, हे माझं आहे, तेही माझंच होईल. जमिनीच्या दलालाबरोबर पडवीत बसलेल्या कुणाच्याही तोंडात ते शब्द शोभतील.

जमिनीचा विषय निघालाच आहे तर आपल्या कोकणातल्याच एका माणसाची आठवण करून देतो. विनोबा भावे, जन्म १८९५, पेण तालुक्यातलं गागोदे. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली, विनोबांनी गावासमोर झोळी पसरली आणि एका जमीनदाराने शंभर एकर दिली. तिथून भूदान सुरू झालं. पुढची तेरा वर्षं हा माणूस गावोगाव पायी फिरला. त्यांचं म्हणणं एका ओळीत होतं, "सबै भूमि गोपाल की". मिळालेली सगळी जमीन गरिबांपर्यंत पोचली नाही, बरीचशी खडकाळ होती, वाटपात घोळ झाले, हे खरंच आहे. पण "जमीन कुणाची?" या प्रश्नाचं उत्तर देवापासून सुरू केलं की व्यवहार कसा बदलतो, ते त्यांनी करून दाखवलं. सातबाऱ्यावर नाव आपलं असू दे. मनातल्या सातबाऱ्यावर त्याचं लावून बघावं, वाटणीच्या वेळी जीभ आपोआप जपून चालते.

मानकरी_सिंधुदुर्ग

मी मालवणीतच लिवतंय.

आमच्या गावात रवळनाथाची राई आसा. थयसली सुकी काटकी सुदिक कोण घराक नेयत नाय. पावसात झाड पडला तर ता थयच कुजता. मागे एक ठेकेदार इलो, ऐन-किंजळाचे दाम सांगल्यान. दाम बरे होते, खोटा बोलूचा नाय. शाळेचा छप्पर गळत होता, काय जणांच्या मनात इला. मगे गावकऱ्यांनी देवाक कौल लायलो. डावो पडलो, म्हंजे देवान नाय म्हटल्यान. विषय थयच संपलो. शाळेचा छप्पर गावान वर्गणी काढून घातल्यान, चाकरमान्यांनी पैशे धाडले. राईत आजून पाणी आसा, मे म्हयन्यात सगळ्यांच्या बावी आटतत तेवा थयसली झर वावता.

गाऱ्हाण्यात आमी काय मागतंव ता सांगतंय. धंद्याक बरकत मागतंव, नोकरी मागतंव. पण पयला मागणा ता नसता. पयला मागणा, ह्या गावाची राखण कर, पोराबाळांक सांभाळ, काय चुकला-माकला असात तर पोटात घाल, वाकडो मार्ग असात तो सरळ कर. आणि सगळा गाव एका आवाजात म्हणता, व्हय म्हाराजा. माजो बापूस म्हणायचो, ज्याचा मागणा पयला गावाचा, त्याका देव घरचा विसरू देयत नाय.

वसईची वाट

आमच्या वसईत केळीच्या आणि फुलांच्या वाड्या होत्या, आता इमारती आहेत. आम्ही कुपारी ख्रिस्ती. लहानपणी चर्चमध्ये लूकच्या शुभवर्तमानातला तो श्रीमंत शेतकरी ऐकायचो, पीक भरपूर आलं म्हणून जुनी कोठारं पाडून मोठी बांधायला निघालेला, आणि त्याच रात्री त्याचा जीव मागितला जातो. तेव्हा ती दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटायची. वाड्या विकल्या गेल्यावर आमच्या आळीत ती कुणालाच समजावून सांगावी लागत नाही. माझी आई अजून परड्यात चार केळी राखून आहे. पहिला घड चर्चमध्ये जातो, मग घरात.

देवगडची लेक

सगळ्यांचे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले. तुकोबांच्या भावाच्या वाट्यापाशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. आमच्याकडेही काकांशी एका पायवाटेवरून बोलणं बंद आहे. मग मला म्हणाले, "कर्जाचं बघू. पण वाटेचं आपल्या हातात आहे, त्याला कुठली बँक लागते?" काल काकांकडे जाऊन आले. काय बोलले ते विचारलं नाही. येताना काकूंनी दिलेली कोकमं होती हातात.

माझा प्रश्न मी मागे घेत नाही. हप्ता भरायचाच आहे, आणि बागायतदारांना उचलीच्या फासातून सोडवणारं काहीतरी व्हायला हवं, त्यासाठी मी आमच्या सोसायटीत बोलणार आहे. पण पूर्णगडकर दादा, कणगी भरल्यावर माणूस कुठे जातो, असं तुम्ही विचारलं होतंत. मला वाटतं तो भरायच्या आधीच जिकडे तोंड करून उभा असतो, तिकडेच जातो. म्हणून आत्ताच बघायला हवं.

पूर्णगडकर

ताई, यापुढे मी काय लिहिणार. बाबांना माझा नमस्कार सांगा.

एक कळवायचं आहे. श्रावणात आमच्या गावच्या देवळात अखंड हरिनाम सप्ताह आहे. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दोन-दोन तासांचा पहारा, वाडीवार वाटून दिलेला. पहारा संपला की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालतात, दोघं एकमेकांच्या पाया पडतात. गेल्या वर्षी पहाटेच्या पहाऱ्याला डंपरचा मालक उभा होता आणि त्याच्याकडून वीणा घेतली ती त्याच्याच गाडीवरच्या हमालाने. पाया पडायला आधी मालक वाकला. दोन गणपती झालेल्या त्या घरातल्या धाकट्याने यंदा स्वतःहून नाव दिलंय, थोरल्याला मी विचारणार आहे. एकामागोमाग एक असेच पहारे लावायचा माझा विचार आहे. बघू.

रात्री बारानंतरच्या पहाऱ्यांना माणसं कमी पडतात. बायकांचे पहारे दुपारी असतात, पण रात्री कुणाला यायचं असेल तर मनाई नाही. कोकणकन्येने रत्नागिरीला उतरलात तर पावसकडे एसटी आहे, पुढे मी न्यायला येईन. खाडीपलीकडे आणि वसईची वाट, तुम्हीही या, पंगतीला तरी या. राहायची सोय देवळाच्या धर्मशाळेत, अंथरूण-पांघरूण आणलं तर बरं, पावसाने सगळं दमट असतं. ज्यांना पहारा हवा असेल त्यांनी वार आणि वेळ इथेच लिहा.

आगरातली

शुक्रवार, रात्री दोन ते चार. मी आणि सासूबाई, दोघी.

देवगडची लेक

शनिवार पहाटे चार ते सहा बाबांच्या नावाने लिहा. तसेही त्या वेळी ते जागेच असतात.